हद्द ओळखणारा वाटाड्या

दान्तेचे नाव निघाले की आपल्याकडील सुशिक्षित वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रथम उभा राहतो तो त्याचा नरक. ती खाली खाली निमुळती होत गेलेली नऊ वर्तुळे, ते उकळते डांबर, ती आगीच्या पावसाने भाजणारी वाळू आणि तळाच्या बर्फात गोठून राहिलेले विश्वासघातकी. पुष्कळांचे वाचन तेथेच संपते. ‘डिव्हाइन कॉमेडी’ हे १०० सर्गांचे काव्य. त्यांतील पहिले ३४ सर्ग नरकाचे, पुढचे ३३ पापक्षालनाच्या पर्वताचे, म्हणजे शुद्धिलोकाचे, आणि अखेरचे ३३ स्वर्गाचे. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात या काव्याचे एक फार जुने हस्तलिखित आहे आणि पेशवाईच्या अस्ताशी ज्याचे नाव कायमचे निगडित झाले त्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने ते संस्थेला दिलेले आहे. म्हणजे पोथी आपल्या दाराशी केव्हाच येऊन पोचली, आपण मात्र तिच्या पहिल्या खंडाशी घुटमळत राहिलो. माझी तक्रार या अर्ध्यावर टाकलेल्या वाचनाविषयी आहे; कारण या काव्याचा जो खरा गाभा, प्रवासी आणि त्याचा मार्गदर्शक यांचे नाते, ते नरकात सुरू होत असले तरी त्याचा अर्थ कळतो तो ६४ व्या सर्गात, आणि तेथवर न गेलेल्या वाचकाला गुरू भेटलेला असतो, पण कळलेला नसतो.

दान्ते १२६५ साली फ्लॉरेन्समध्ये जन्मला. शहराच्या कारभारात त्याने मोठा अधिकार भोगला आणि १३०२ साली विरोधी पक्षाचा अंमल बसताच सरकारी कामात लाच घेतल्याचा आरोप त्याच्यावर ठेवून त्याला हद्दपार करण्यात आले. पुढे हाती लागल्यास जिवंत जाळावे असा हुकूमही निघाला. त्यानंतर १३२१ मध्ये राव्हेन्ना येथे देह ठेवीपर्यंत त्याने आपले गाव पाहिले नाही. काव्यातला प्रवास मात्र त्याने १३०० सालच्या ईस्टरच्या आठवड्यात योजला आहे. पस्तिशीतला हा प्रवासी एका अंधाऱ्या अरण्यात वाट चुकतो, चित्ता, सिंह आणि लांडगी त्याला मागे रेटतात, आणि अशा वेळी समोर एक आकृती उभी राहते, जी दीर्घकाळच्या मौनाने क्षीण झाल्यासारखी भासते. ही आकृती इसवी सनापूर्वी १९ व्या वर्षी निवर्तलेल्या व्हर्जिलची, म्हणजे ‘ईनिड’ या लॅटिन महाकाव्याच्या कर्त्याची. ख्रिस्ती परलोकाची वाट दाखवायला एखादा साधुपुरुष न येता एक कवी येतो, आणि तोही ख्रिस्तजन्मापूर्वी मेलेला, याचे एक कारण असे की आपल्या नायकाला जिवंतपणी मृतांच्या राज्यात नेऊन परत आणण्याचा विक्रम त्याने स्वतःच्या काव्यात केला होता. आणि दुसरे, अधिक खरे कारण असे की सबंध ‘ईनिड’ मुखोद्गत असणाऱ्या या शिष्याला तेराशे वर्षांच्या अंतरावरूनही दुसरा कोणी गुरू ठाऊकच नव्हता.

येथे एक बारीक गोष्ट सांगितली पाहिजे. नरकात दान्तेला ब्रुनेत्तो लातीनी हा त्याचा प्रत्यक्ष आयुष्यातला वडीलधारा भेटतो, तेव्हा तो त्याच्याशी आदरार्थी बोलतो. व्हर्जिलला मात्र सर्वत्र एकेरी हाक मारतो. त्यात अनादर शोधण्याची चूक निदान मराठी वाचकाच्या हातून होऊ नये. मास्तरांना आपण ‘अहो’ म्हणतो आणि आईला ‘अगं’. विठ्ठलाशी तर आपल्या संतांनी तूतुकारानेच भांडण केले. दान्तेच्या या ‘तू’चा उलगडा काव्यात फार उशिरा होतो, तो आपण पुढे पाहू.

पूर्वी परमुलखातून जाणाऱ्या वाटसरूला चौकीचौकीवर दस्तक दाखवावे लागे. व्हर्जिलजवळही असे एक दस्तक आहे, फक्त ते कागदाचे नाही. १२९० साली स्वर्गवासी झालेली दान्तेची प्रिया बिआत्रिचे स्वतः खाली उतरून त्याच्याकडे आली आणि या वाट चुकलेल्या माणसाला सोडवून आण अशी तिने विनंती केली. त्या वरच्या आज्ञेचा दाखला देताच नदीवरचा नावाडी गप्प होतो, पाप्यांचा न्यायनिवाडा करणारा मायनॉस वाट देतो आणि शिष्याच्या मनात अशी खात्री बसते की या माणसाबरोबर असताना कोणतेही दार बंद राहणार नाही. मग येते डिस नावाचे तटबंदीचे नगर. वेशीवर हजाराहून अधिक पतित देवदूत उभे. व्हर्जिल एकटाच पुढे जाऊन त्यांच्याशी काही बोलतो. काय बोलतो ते दान्तेला ऐकू येत नाही. आणि पाहता पाहता ते सारे आत पळून व्हर्जिलच्या छातीवर दरवाजा लोटून घेतात. तो सावकाश पावले टाकीत, नजर जमिनीला खिळवून परत येतो.

या प्रसंगापाशी मी नेहमी थांबतो, कारण गुरुशिष्यांमधल्या अवघड क्षणाचे इतके जवळून घेतलेले दर्शन मला दुसऱ्या कोठल्याही काव्यात मिळालेले नाही. शिष्याच्या चेहऱ्याचा रंग उडालेला पाहून गुरू आपल्या चेहऱ्याचा बदललेला रंग घाईने आत दाबतो. तो स्वतःशीच एक वाक्य सुरू करतो आणि अर्ध्यावर सोडतो, आणि त्या तुटक्या वाक्याला शिष्य मुळात नसलेला भयंकर अर्थ चिकटवतो. तरीही ‘तुला वाट माहीत आहे ना?’ असे सरळ विचारणे त्याच्या जिवावर येते. म्हणून तो आडवळणाने, जणू सहज कुतूहल म्हणून विचारतो की वरच्या, व्हर्जिलच्याच, पहिल्या वर्तुळातले कोणी इतक्या खोल कधी उतरले आहे काय. व्हर्जिल प्रश्नामागचा प्रश्न ओळखतो, रागावत नाही, आणि पूर्वी एकदा एका चेटकिणीच्या मंत्राने बांधला जाऊन आपण तळापर्यंत गेलो होतो असे सांगून त्याला धीर देतो. इतक्यात तटावर संतापदेवता प्रकट होतात, मेड्यूसाला बोलवा असा कल्लोळ करतात, आणि जिच्या दर्शनाने माणूस दगड होतो तिच्यापासून वाचविण्यासाठी गुरू शिष्याला पाठमोरा वळवून डोळे झाकायला लावतो. पण शिष्याच्या हातांवर त्याचा भरवसा बसत नाही. म्हणून त्या हातांवर तो आपलेही हात ठेवतो. दरवाजा उघडतो तो शेवटी स्वर्गातून आलेला दूत, एका छडीच्या स्पर्शाने. गुरूला दार उघडता आले नाही. पण मेड्यूसाचे भय होते तेवढा सगळा वेळ त्याचे तळवे शिष्याच्या डोळ्यांवर होते.

पुढे तर त्याची उघड फसवणूक होते. सरकारी पदाचा बाजार मांडणाऱ्यांना जेथे उकळत्या डांबरात बुडविलेले असते, तेथील सैतानांचा नायक व्हर्जिलला पुढचा पूल शाबूत असल्याची थाप देतो, सोबतीला दहा सैतान देतो, आणि व्हर्जिल ते खरे मानतो. दान्तेला त्यांचे दात खाणे आणि भुवयांनी धमकावणे दिसते, तो म्हणतोही की ही सोबत नको. परंतु गुरू त्याची भीती उडवून लावतो. शिष्य बरोबर होता. सैतान उलटतात तेव्हा मात्र व्हर्जिल क्षणाचाही विचार करीत नाही. आगीच्या गलबल्याने जागी झालेली आई अंगावर वस्त्र आहे की नाही हेही न पाहता पोराला उचलून धावत सुटते, तसा तो दान्तेला छातीशी धरून कड्यावरून पाठीवर घसरत खाली जातो. ज्या खंदकातून तो त्याला असा वाचवितो, तो खंदक नेमका त्याच गुन्ह्याचा आहे ज्याच्या खोट्या आरोपावरून दान्ते देशोधडीला लागला, ही गोष्ट दान्तेने मुद्दाम कोठे सांगितलेली नाही; पण ती लिहिताना त्याच्या मनात काय उसळले असेल याची कल्पना करता येते.

आता माझे म्हणणे मांडतो. दर आषाढी पौर्णिमेला आपल्याकडे गुरुमहिमा गायिला जातो, पाद्यपूजा होतात, लेख प्रसिद्ध होतात, आणि त्या सर्वांत गुरूचे जे चित्र रेखाटले जाते ते बहुधा सर्वज्ञाचे, कधीही न चुकणाऱ्याचे, ज्याच्यापुढे कोणतेही दार बंद राहत नाही अशा पुरुषाचे असते. या चित्राने गुरूंचे आणि शिष्यांचे सारखेच नुकसान केले आहे असे माझे प्रामाणिक मत आहे. ज्याला चुकण्याची मुभा नाही त्याला ‘मला ठाऊक नाही’ असे म्हणण्याचीही मुभा उरत नाही. मग तो शिष्याला आपल्या ज्ञानाच्या कुंपणातच गोल गोल फिरवीत ठेवतो आणि शिष्य त्यालाच विश्व समजतो. पुढे एके दिवशी शिष्याला गुरूची चूक दिसते, आणि ज्याने केवळ अचूकपणावर भक्ती उभारली होती त्याची भक्ती त्या दिवशी कोसळते, बहुधा कटुतेने. दान्तेने व्हर्जिलची चूक झाकली नाही, तिचा डांगोराही पिटला नाही. ती आपल्या काव्यात जपून ठेवली, आणि त्याचे प्रेम तिच्यामुळे रेसभरही उणे झाले नाही.

मी तालुक्याच्या गावी शिकत असताना आम्हांला संस्कृत शिकविणारे एक गुरुजी होते. शाळेबाहेर, सकाळी सहाला, आपल्या ओसरीवर ते मला ‘रघुवंश’ मल्लिनाथाच्या टीकेसह वाचायला लावीत. एके ठिकाणी टीकेतल्या एका पाणिनीय सूत्राशी आमचे घोडे अडले. दोन दिवस ते जुन्या वह्या चाळीत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तक मिटले, वाईच्या एका शास्त्रीबुवांच्या नावे चिठ्ठी लिहिली आणि ती माझ्या हातात देत ते म्हणाले, “इथवर माझी हद्द. पुढचं यांच्याकडे.” त्या वयात मला ते तोडून टाकल्यासारखे वाटले आणि घरी येऊन मी रडलो. दिवाळीच्या सुट्टीत वाईहून परत आलो तेव्हा गुरुजींनी मला त्याच ओसरीवर बसविले, ते सूत्र समजावून सांगायला सांगितले, आणि मी सांगू लागताच स्वतः वही उघडून, टाक शाईत बुडवून टिपून घेऊ लागले. व्हर्जिल मला खऱ्या अर्थाने कळायला लागला तो त्या वहीमुळे.

शुद्धिलोकात पाऊल टाकताच या वाटाड्याची अवस्था बदलते. नरकाचा रस्ता त्याच्या पायाखालचा होता. येथे तोच भेटेल त्याला वाट विचारतो आणि आम्हीही तुमच्यासारखेच परके आहोत असे सांगतो. पर्वताच्या पायथ्याशी चालताना सूर्य पाठीशी येतो, आणि समोर जमिनीवर एकच सावली पडलेली पाहून दान्ते दचकून बाजूला वळतो; गुरू आपल्याला टाकून गेला असे त्याला वाटते. व्हर्जिल शेजारीच असतो. ज्या देहाची सावली पडत असे तो नेपल्समध्ये पुरलेला आहे आणि तेथे आता सांज झाली असेल, असे तो त्याला शांतपणे सांगतो. मग माणसाच्या बुद्धीला सारेच कळते तर किती बरे होते असे म्हणता म्हणता ज्यांची ज्ञानतृष्णा अनंतकाळ अतृप्त राहील अशांमध्ये प्लेटो आणि ॲरिस्टॉटल यांची नावे घेतो, ‘आणि आणखी पुष्कळ’ अशा अर्थाचे काही पुटपुटतो, आणि मान खाली घालून गप्प होतो. त्या पुष्कळांत तो स्वतः आहे. शिष्य पुढे काही विचारीत नाही. जवळ राहून चालतो.

याच पर्वतावर त्यांना स्टेशिअस हा रोमन कवी भेटतो. आपल्या काव्याला ‘ईनिड’ने आईसारखे आणि दाईसारखे पोसले असे तो भरभरून सांगत असतो, आणि ज्याच्याविषयी बोलतो आहे तो समोरच उभा आहे हे त्याला माहीत नसते. दान्तेला हसू फुटते, व्हर्जिल डोळ्यांनी दटावतो, आणि शेवटी गुपित फुटल्यावर स्टेशिअस त्याचे पाय धरायला वाकतो. व्हर्जिलच्याच ओळींनी आपण ख्रिस्ती झालो असे तो सांगतो, आणि अंधारात दिवा पाठीमागे धरून चालणाऱ्या माणसाशी त्याची तुलना करतो: मागून येणाऱ्यांची वाट उजळते, त्याची स्वतःची नाही. हा स्टेशिअस पुढे स्वर्गात जाणार आहे. ते ऐकून व्हर्जिलला काय वाटले, हे कवीने लिहिलेले नाही.

शिखराच्या अलीकडे अग्नीची भिंत आहे. तीत शिरायला दान्तेचे पाय धजत नाहीत. सारे युक्तिवाद थकल्यावर व्हर्जिल त्याला म्हणतो की बिआत्रिचे आणि तू यांच्यामध्ये आता ही एवढीच भिंत आहे, आणि फळ दाखवून वश केलेल्या पोराकडे पाहून हसावे तसा हसतो. मग तो स्वतः पुढे होतो, आणि त्या ज्वाळांतून चालताना सारा वेळ बिआत्रिचेविषयीच बोलत राहतो. तिचे डोळे मला आताच दिसू लागले आहेत असे सांगून शिष्याला पुढे ओढतो. ज्या व्यक्तीच्या आगमनाने आपली कामगिरी संपणार आणि आपल्याला परत त्या अंधुक पहिल्या वर्तुळात जावे लागणार, तिच्याच नावाने तो शिष्याला धीर देतो आहे, ही गोष्ट ध्यानात आली की हे पान मला शांतपणे वाचवत नाही. आगीपलीकडे पोचल्यावर तो दान्तेला सांगतो की येथून पुढे माझ्या शब्दाची वा खुणेची वाट पाहू नकोस, तुझी इच्छा आता सरळ आणि स्वतंत्र झाली आहे. यानंतर काव्यात व्हर्जिल एक शब्दही बोलत नाही. समोरून दिव्य मिरवणूक येऊ लागते तेव्हा दान्ते आश्चर्याने त्याच्याकडे वळतो, आणि गुरूच्या चेहऱ्यावर त्याला आपल्याइतकेच आश्चर्य दिसते.

मग ६४ वा सर्ग. बिआत्रिचे येते. पुष्पवृष्टी करणाऱ्या देवदूतांच्या मुखी लॅटिन शब्द आहेत ते ‘ईनिड’च्या सहाव्या सर्गातले; ज्याला या दारातून आत जायचे नाही त्याच्याच शब्दांनी दारात स्वागत होते. भ्यालेले मूल आईकडे धावते तसा दान्ते डावीकडे वळतो (येथे त्या एकेरी हाकेचा अर्थ लागतो), आणि जुनी ज्योत पुन्हा पेटल्याच्या खुणा आपल्याला पटल्या असे जे वाक्य तो सांगणार असतो, तेही ‘ईनिड’मधल्या डिडो राणीच्या तोंडचेच, आपल्या मायबोलीत आणलेले. पण ऐकणारा नसतो. व्हर्जिल निघून गेलेला असतो. केव्हा, हे कोणी पाहिले नाही. दान्ते त्याचे नाव लागोपाठ तीनदा घेतो, आणि त्या तिहेरी हाकेतही व्हर्जिलच्याच दुसऱ्या काव्यातला, युरिडिसीला हाका मारणारा ऑर्फियस घुमतो. गुरूला निरोप देताना शिष्याजवळ स्वतःचा म्हणून एकही शब्द नाही. आणि बिआत्रिचे त्याला रडू नकोस म्हणून हाक मारते ती ‘दान्ते’ अशी. साऱ्या महाकाव्यात कवीचे नाव उच्चारले जाते ते या एकाच ठिकाणी.

ज्या १२९० साली बिआत्रिचे निवर्तली, त्याच साली, शके १२१२ मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरी पुरी झाली. पंडितांची भाषा बाजूला ठेवून लोकांच्या बोलीत सर्वांत अवघड गोष्ट सांगण्याचा ध्यास दोघांचाही होता. परंतु मला येथे आठवतात ते निवृत्तिनाथ, ज्यांनी पुढे १२९६ साली आळंदीला, परंपरा सांगते त्याप्रमाणे, धाकट्या भावाला, आपल्या शिष्याला हात धरून समाधीत नेऊन बसविले आणि बाहेर येऊन दारावर शिळा ओढून घेतली. आपल्या वारकऱ्यांना त्या शिळेपाशी उभा असलेला गुरू पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. म्हणूनच दान्ते त्यांना परका वाटण्याचे कारण नाही, फक्त आम्ही त्याला नरकाच्या पलीकडे त्यांच्यापर्यंत पोचवीत नाही. महाविद्यालयांत नरकाचे दोन सर्ग कमी शिकवावेत आणि हा एक अवश्य शिकवावा, एवढे तरी मागणे मी अध्यापकांपुढे ठेवतो.

दान्तेवर कृतघ्नतेचा आरोप करणारे आहेत. ज्या कवीने केटोसारख्या ख्रिस्तपूर्व आणि आत्मघात केलेल्या रोमनाला शुद्धिलोकाचा रखवालदार नेमले, त्याला आपल्या गुरूसाठी काही करता आले नसते काय, असा त्यांचा सवाल आहे आणि तो वजनदार आहे. मी त्यांना स्वर्गखंडाचा १९ वा सर्ग वाचायला सांगेन. न्यायी राजांच्या आत्म्यांनी मिळून बनलेल्या तेजस्वी गरुडापुढे, जणू भर दरबारात, दान्तेच्या मनातली एक जुनी फिर्याद उघड होते: सिंधू नदीच्या तीरावर एक माणूस जन्मतो, ख्रिस्ताचे नाव सांगणारा तेथे कोणी नाही, त्याचे आचरण निर्दोष आहे, आणि तो बाप्तिस्म्यावाचून मरतो; तर त्याला दूर ठेवणारा हा न्याय कोणता, आणि त्याचा अपराध कोणता? फिर्यादीत नाव आपल्याकडच्या एका अनामिकाचे घातले आहे. ती दाखल केली आहे ती मात्र, माझ्या मते, व्हर्जिलच्या वतीने. गरुड प्रथम फिर्यादीलाच खडसावतो, की वीतभर दृष्टी घेऊन न्यायासनावर बसणारा तू कोण. श्रद्धेवाचून येथवर कोणी आलेले नाही असेही बजावतो. आणि मग सांगतो की ख्रिस्ताचा जप करणारे पुष्कळ जण अखेरच्या दिवशी त्याला न ओळखणाऱ्यापेक्षा दूर उभे असतील. पुढच्या सर्गात गरुड आपल्या डोळ्याभोवती चमकणाऱ्या आत्म्यांची ओळख करून देतो. त्यांत रिफिअस नावाचा एक ट्रॉयवासी आहे, ख्रिस्ताच्या कितीतरी शतके आधीचा, ट्रॉयच्या पाडावात मेलेला, ज्याची मोठी कथा कोठे नाही; ‘ईनिड’च्या दुसऱ्या सर्गात, तेथील सर्वांत न्यायी माणूस म्हणून, व्हर्जिलने त्याचा जाता जाता उल्लेख केला होता.